बत्तीस दातांचा सूड

विनोदिनीला कुणी तोंडावर म्हैस म्हटलं असतं तरी तिने ते एक वेळ पचवलं असतं. लग्न होऊन लाटंबार्स्यात आली तेव्हापासून अंगाच्या आकारावरून बोलणारे तिने पुष्कळ ऐकले होते, आणि त्यांना दोन ऐकवायलाही ती कधी मागे राहिली नव्हती. पण मागच्याच्या मागच्या चवथीला तिची धाकटी जाऊ रूपाली जे बोलली, ते जिव्हारी लागलं आणि तिथेच रुतून बसलं.

चवथीला गणपतीसमोर वाड्यावरच्या सगळ्या बायका फुगडी घालायला जमतात. पहिलं गाणं उचलायचा मान विनोदिनीचा. आवाज असा खणखणीत, की शेजारच्या घरातला गणपतीही कान देऊन ऐकत असेल. त्या संध्याकाळी मात्र दुसऱ्याच फेऱ्याला तिचा दम गेला. गाणं अर्धवट सोडून ती पडवीच्या पायरीवर मटकन बसली. एका म्हातारीने काळजीने विचारलं, मध्ये एवढी बारीक झाली होतीस, परत असं कसं गं झालं? रूपाली तेव्हा नेवऱ्यांचं, म्हणजे करंज्यांचं, ताट फिरवत होती. ती हसत हसत म्हणाली, "पोट कापून ल्हान केल्यानी, तरी भरणा नाय. कोण काय करतलो?"

एकदोघी बायका तोंडाला पदर लावून हसल्या. विनोदिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण गावाला एवढंच ठाऊक होतं, की तिच्या पित्ताशयातले खडे काढले. पोट लहान करायचं ऑपरेशन झालं हे फक्त तिघांना माहीत होतं. एक ती, एक तिचा नवरा कृष्णनाथ, आणि तिसरी ही रूपाली, जी पणजीच्या दवाखान्यात तिच्या खाटेशेजारी बाकावर झोपली होती आणि जिने देवीची शपथ घेऊन तोंड बंद ठेवायचं कबूल केलं होतं.

आता ऑपरेशन विनोदिनीने हौसेने करून घेतलं नव्हतं, हेही सांगायला हवं. तिचं माहेर हळर्णचं. आईला साखर होती, आणि त्या साखरेने शेवटी आईचा उजवा पाय घोट्यापासून नेला. पुढची तीन वर्षं ती माऊली खुर्चीत बसून शेताकडे बघत राहिली आणि तशीच गेली. विनोदिनीला चाळिशीतच साखर निघाली, वजन शंभरावर, आणि रात्री झोपेत तळपायाला मुंग्या यायच्या तेव्हा ती दचकून उठून पाय चाचपून बघायची. म्हणून तिने पोट कापून घेतलं. केळ्याएवढं उरलं. वजन उतरलं, साखर गेली, पाय शांत झाले. दोन वर्षं बाई नुसती उडत होती.

मग ते परत कसं चढलं? डॉक्टर म्हणाले होते, सुरुवातीचे थोडे दिवस हिला पातळच द्या. रूपालीने तो 'पातळ' शब्द जो पकडला तो सोडलाच नाही. आधी पेज आणली, ठीक. पण डॉक्टरांचे ते थोडे दिवस संपून महिने गेले, वर्षं गेली, तरी रोज दुपारी ही हजर, हातात कोप, म्हणजे पेला, भरून मणगणं. चण्याची डाळ, गूळ, नारळाचा दाट रस. "वैनी, पातळच आसा, जिरात तुका." आणि ते जिरायचं की हो! मासा घाईघाईत खाल्ला की विनोदिनीच्या छातीत अडकायचा, कोरडा भात उलटून यायचा, पण मणगणं कसं सुळकन खाली उतरायचं. चहात बुडवलेला पाव उतरायचा. काजूच्या दिवसांत बोंडांचा गोड रस, निरो, तो तर पाण्यासारखा. विनोदिनीची पक्की समजूत, की पातळ ते काही खाण्यात जमा नाही. आणि कुणी तोंडात ओतत नव्हतं, तीच पीत होती. पण हे तिला सांगायची छाती कुणाची होती?

त्या चवथीनंतर ती महिनाभर घराबाहेर पडली नाही. साखर परत आली होती, गोळ्या सुरू झाल्या होत्या, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की वजन असंच चढत राहिलं तर पुढची पायरी इन्सुलिनची सुई. कृष्णनाथ बिचारा समजावून थकला. शेवटी एका सकाळी तिने केस विंचरले, साडी बदलली आणि नवऱ्याला म्हणाली, गाडी काढ. त्या बयेला मी पाणी पाजल्याशिवाय राहणार नाही.

दवाखान्यात आहाराचं बघणारी गौरवी नावाची मुलगी होती. विनोदिनीने नेहमीचं सुरू केलं, मी काही खातच नाही हो, चिमणीएवढं खाते. गौरवीने शांतपणे विचारलं, खात नाही तर पिता काय? विनोदिनीने सांगितलं, आणि सांगता सांगता तिची तिलाच लाज वाटायला लागली. गौरवी म्हणाली, तुमचं पोट काही बिघडलेलं नाही, ऑपरेशनही फुकट गेलेलं नाही. जे न चावता घशाखाली जातं त्याने घात केलाय. तेव्हा आजपासून गोड पातळ बंद. ताटात आधी मासा, अंडं, नाहीतर मूग, चवळीसारखे अळसांदे. मग भाजी. भात शेवटी, चमच्याएवढा. जेवताना पाणी नाही. आणि प्रत्येक घास तोंडात पीठ होईपर्यंत चावायचा.

बाकी सगळं जमलं. चावणं काही जमेना. पाचव्या घासाला कंटाळा यायचा, लक्ष उडायचं, घास तसाच खाली जायचा आणि छातीत दुखायला लागायचं. की हात लगेच चहाच्या कपाकडे आणि पावाकडे.

मग एका दुपारी भाजलेला बांगडा पुढ्यात घेऊन ती बसली होती. तिच्या स्वयंपाकघराची खिडकी रूपालीच्या स्वयंपाकघरासमोर, मध्ये हातभर अंगण. समोर रूपाली पाठमोरी उभी राहून काहीतरी ढवळत होती आणि फोनवर कुणाशी तरी खिदळत होती. विनोदिनीला वाटलं, माझ्यावरूनच हसतेय. अंगाचा तिळपापड झाला. हिला कच्ची खाईन, असं ती मनात म्हणाली, आणि तोंडातला घास चावत राहिली. चावत राहिली. भानावर आली तेव्हा बांगड्याचं पीठ झालं होतं, आणि छातीत काही म्हणजे काही दुखलं नाही.

सापडलं! त्या दिवसापासून विनोदिनीची जेवायची जागा खिडकीत. दात-ओठ खाणं म्हणतात ते लोक नुसतं म्हणतात, विनोदिनी दोन्ही वेळा ताट मांडून करायला लागली. उकडलेलं अंडं म्हणजे रूपालीचं नाक. अळसांद्याचे दाणे म्हणजे ती हसली तेव्हाचे दात. 'भरणा नाय' या दोन शब्दांवर एक अख्खं जेवण चावून व्हायचं. रूपाली समोर दिसली की नजर तिच्यावर रोखून, जबडा हलवत. रूपालीला भीती वाटायला लागली असावी, कारण तिने नवऱ्याला, महादेवाला, सांगितलं की वैनी बोकडासारखी चावत माझ्याकडे बघत बसते, हिच्यावर कुणी काही केलंय का बघा. हे कृष्णनाथाकरवी विनोदिनीच्या कानावर आलं. त्या दिवशी तिला भाकरीचा तुकडासुद्धा लागला नाही, इतकी ती तृप्त होती.

मणगण्याचा कोप एकदा आलाच. विनोदिनीने तो गोड हसून घेतला, अंगणात गेली आणि रूपालीच्या डोळ्यांदेखत शेजारच्या गाईपुढच्या बालदीत ओतला. गाईने चाटूनपुसून खाल्लं. विनोदिनीने कोप विसळून परत दिला आणि म्हणाली, पातळ आहे ना, जिरेल तिला. त्यानंतर मणगणं काही पुन्हा आलं नाही.

वजन उतरायला लागलं. संध्याकाळी ती कालव्याच्या काठाने चालायला जायची आणि पावलागणिक कुणाचं नाव घ्यायची ते सांगायला नको. सहा महिन्यांत गोळ्या अर्ध्यावर आल्या.

आणि मे महिन्यात घोटाळा झाला. रूपाली मुलांना घेऊन बांद्याजवळ माहेरी गेली. समोरची खिडकी बंद. पहिले दोन दिवस विनोदिनीला बरं वाटलं, पीडा टळली. तिसऱ्या दिवशी बांगडा बेचव लागला. बंद फळीकडे बघून किती चावणार माणूस? चौथ्या दिवशी पाववाल्या पदेराचा भोंगा ऐकून ती आपण होऊन दारात गेली आणि गरम पाव घेऊन आली, चहात बुडवायला. मग कुणीतरी निरो आणून दिला. रूपाली परत येईपर्यंत दोन किलो चढले, आणि साखर गोळीला जुमानेनाशी झाली. तळपायाला मुंग्या आल्या तशी विनोदिनी अंथरुणात उठून बसली आणि आईची खुर्ची तिच्या डोळ्यांसमोरून हलेना.

गौरवीने विचारलं, मध्येच असं काय झालं? आता काय सांगणार, जाऊ घरी नव्हती म्हणून? पाहुणे होते, अशी थाप मारली. गौरवी म्हणाली, दुसऱ्या कुणासाठी नको, स्वतःसाठी खा. विनोदिनीने मान डोलावली, पण मनात म्हटलं, पोरी, स्वतःसाठी मी जन्मात कधी चहाचं आधण ठेवलं नाही. नवऱ्यासाठी ठेवलं, सासूसाठी ठेवलं, आल्यागेल्यासाठी ठेवलं. स्वतःसाठी मला काही जमत नाही. माझ्या कामाला राग येतो, आणि तो समोरच्या खिडकीत राहतो.

रूपाली परतली त्या सकाळी विनोदिनीने तिला पाहिलं मात्र, आणि तिला कडकडून भूक लागली.

मग परत चवथ आली. चवथीत मासा नाही, पण मूग होते, भाज्यांचं खतखतं होतं, अळसांदे होते. नेवऱ्या आणि पातोळ्या समोरून गेल्या तशा जाऊ दिल्या. नैवेद्याचं मणगणं बोटाच्या टोकावर घेऊन जिभेला लावलं, देवाचा मान म्हणून. संध्याकाळी बायका जमल्या, आणि विनोदिनीने कुणी बोलावण्याआधी गाणं उचललं. फेरा झाला, दुसरा झाला, चौथा झाला. मग ती सरळ रूपालीसमोर जाऊन उभी राहिली आणि तिचे दोन्ही हात धरले. फुगडी सुरू झाली. विनोदिनी वर्षभर हिला चावत होती, आता फिरवत होती. रूपाली हात सोडवून घ्यायला बघत होती आणि विनोदिनी सोडत नव्हती. शेवटी रूपाली बरगडी धरून खाली बसली. विनोदिनीचा श्वाससुद्धा वर चढला नव्हता. तिने चार बायकांच्या नाकावर टिच्चून सांगितलं, की होय, पोट कापून घेतलंय, आणि भरतंही आता वेळच्या वेळी. यावेळी कुणी पदर तोंडाला लावला नाही. खोटं कशाला बोला, विनोदिनीला ते मणगण्यापेक्षा गोड लागलं.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मासळीवर सगळा गाव तुटून पडतो. विनोदिनीनेही बांगडे आणले, भाजले, आणि खिडकीत ताट घेऊन बसली. समोरच्या स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. तेवढ्यात रूपाली आपल्या पायांनी दारातून आत आली. हातात काही नव्हतं. डोळे सुजलेले. ती जमिनीवर बसली आणि म्हणाली, की त्या दिवशी तोंडातून गेलं, वैनी, देवीची शपथ मोडली, वर्षभर मला झोप नाही. मणगणं मी तुझ्या वाइटासाठी नव्हते आणत, मला दुसरं काही करता येत नव्हतं. आणि बोलता बोलता ती विनोदिनीच्या पायांकडे वाकली.

विनोदिनीच्या तोंडातला घास थांबला. तिला स्पष्ट कळलं, की आतलं काहीतरी सैल पडतंय. समोर बसलेली बाई साधी, रडवेली, कुणाचीही धाकटी जाऊ असावी अशी होती. हिच्यावर काय चावायचं? आणि लगेच तिच्या काळजात धस्स झालं. तिने पाय झटकन मागे घेतले.

"माफी मागू नको, रूपाली," ती म्हणाली. "माका तुझो राग व्हयो. अजून बारा किलो उतरूचे आसत."

रूपालीला आधी काहीच कळेना. मग ती वैनीच्या ताटाकडे बघत राहिली, खिडकीकडे, मग पुन्हा वैनीच्या थांबलेल्या जबड्याकडे. रूपालीने डोळे पुसले, उठली, आणि दारापर्यंत जाऊन वळली. वैनीला तिने खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"बारीक झालंस ती झालंस," ती म्हणाली, "पण गळ्याची कातडी बघ कशी लोंबता ती. माझ्या आवशीपेक्षा म्हातारी दिसतंस."

आणि गेली.

विनोदिनीचा हात आपोआप गळ्याकडे गेला. कातडी लोंबत होतीच. महिनाभर ती आरशासमोर पदर वर ओढून तेच झाकत होती, आणि या अवदसेने ते बरोबर हेरलं होतं. कानशिलं तापली, डोळे भरून आले. रूपाली ते राग द्यायला बोलली की डसायला, हे विनोदिनीने तिला कधी विचारलं नाही. तिने ताट पुढे ओढलं, बांगड्याचा मोठा तुकडा तोडला, आणि समोरच्या खिडकीवर नजर रोखून तो असा चावला, की पलीकडे ऐकू गेला असावा.