डोमाजीच्या अंगठ्याची साक्ष

गिरडजवळच्या आमच्या गावात बोलण्यात डोमाजीचा हात धरणारा कोणी नव्हता. अठ्ठ्याहत्तर सालच्या हंगामात हिंगणघाटच्या सरकी काढायच्या एका जिनात त्याचा डावा अंगठा गेला, तेव्हाही दवाखान्यात पट्टी बांधणाऱ्याला तो म्हणाला, "जरा सुबक बांधा जी, गावात दाखवा लागते."

रुळात कापूस अडकला, मुकादम ओरडला, डोमाजीनं हात घातला. घडलं एवढंच.

खरी पंचाईत पुढं झाली. अंगठा डोमाजीचा गेला, पण हजेरीत डोमाजी नव्हताच. त्याच्या छातीवरचा पितळी बिल्ला होता शेजारच्या हिरालालच्या नावाचा. हिरालाल घरचा कापूस वेचायला थांबला, म्हणून त्याचा बिल्ला लावून डोमाजी दीड महिना कामावर जात होता. हंगामात असं पुष्कळ जण करत. जिनाच्या मुनीमजीलाही ते ठाऊक होतं. पण डोमाजी दवाखान्याचा दाखला घेऊन भरपाई मागायला गेला, तेव्हा मुनीमजीनं आधी चष्मा पुसला.

"डोमाजी कौन भाई? हजेरी में तो हिरालाल है. और उसकी तो दसों उंगली सलामत है!"

डोमाजी वर्ध्याला प्रभाकरराव वकिलांकडे गेला. त्यांनी सांगितलं, कायद्यात अंगठ्याला भरपाई आहे, चांगली आहे. फक्त अंगठा त्या जिनात गेला हे पटलं पाहिजे. बायको मनकर्णाबाई दाराशी बसून ऐकत होती. आता जिनात कोणी उभं करणार नाही, म्हणून दोन म्हशी घ्यायच्या, हे तिनं तिथंच ठरवलं.

वर्षभर तारखा पडल्या. मधे एकदा मुनीमजी गावात आला. तीनशे घे, कागद लिहून दे, भांडण मिटव म्हणाला.

"लिहून देतो ना जी," डोमाजी म्हणाला. "पन मले सही येत नाई, अन् अंगठा तुमच्याच जिनात पडून हाय. तिथूनच लावून घ्या."

गाव आठ दिवस हसलं. मनकर्णाबाई मात्र म्हणाली, "तोंडानं म्हशी येत असत्या तं आपला गोठा कवाच भरला असता."

वकिलांनी एक गोष्ट हेरली होती. जिनात दर आठवड्याला पगाराच्या वहीत अंगठा घेत. हिरालालच्या नावापुढं त्या दीड महिन्यात जे ठसे होते, त्यांच्या मधोमध पांढरी तिरपी रेघ होती. डोमाजीला लहानपणी विळा लागला होता, त्याची ती खूण. हिरालालचा अंगठा साफ.

"पण ती रेघ तुझी, हे दाखवायला तुझा जुना ठसा पाहिजे," वकील म्हणाले. "एखादा कागद? सोसायटीचा, खरेदीचा?"

"नाई जी," डोमाजी म्हणाला. जरा घाईनंच म्हणाला.

कागद होता. मनकर्णाबाईच्या पेटीत होता. पण तो कागद बाहेर काढायला डोमाजी तयार नव्हता. गिरडच्या दर्ग्यातल्या बाबाला नवस बोललो आणि पत्ते सोडले, असं तो गावभर सांगत आला होता.

शेवटची तारीख पडली. भरपाईचा निकाल देणाऱ्या साहेबांच्या कचेरीत अर्धं गाव हजर. हिरालालनं साक्ष दिली, "साहेब, बिल्ला माहा होता, हात याचा होता." मुनीमजी म्हणाला, शेजारी आहे, बोलणारच. साहेबांनी वही पाहिली, हिरालालचा अंगठा पाहिला आणि डोमाजीकडे वळले.

"तुमच्या अंगठ्याचा जुना ठसा आहे का कुठे? नसला तर मला काही करता येणार नाही."

डोमाजीनं मागं पाहिलं. मनकर्णाबाई मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. पिशवीत काय आहे ते त्याला कळलं. पण ती उठली नाही. नुसती बघत राहिली.

"हाय साहेब," डोमाजी तिच्या पिशवीतला कागद काढून देत हळूच म्हणाला. "पन वाचू नोका. नुसता पाहा."

"वाचल्याशिवाय कागद दाखल होत नाही," म्हणत साहेबांनी तो कारकुनाच्या हाती दिला. तो कर्तव्यनिष्ठ माणूस. त्यानं खणखणीत आवाजात वाचलं.

"मी डोमाजी लिहून देतो, की यापुढे पत्त्यांना हात लावणार नाही. लावल्यास आठ दिवस गोठ्यात झोपीन आणि मनकर्णाबाईला उलट बोलणार नाही. लिहिणार, महादेवराव गुरुजी." खाली अंगठा, तारीख. त्याखाली पुन्हा अंगठा, पुन्हा तारीख. त्याखाली तिसरा, अपघाताच्या आधीच्या दिवाळीतला.

"तीनदा?" साहेबांनी विचारलं.

"तीनदा झोपलो जी गोठ्यात."

"काऊन बे डोमाजी," मागून हिरालाल ओरडला, "तुहा गिरडचा बाबा गोठ्यात राह्यते काय?"

कचेरी हसून लोटपोट झाली. साहेबांनी मात्र भिंग काढलं. तीनही ठशांत तीच तिरपी रेघ. वहीतल्या ठशांतही तीच. मुनीमजी पुन्हा चष्मा पुसू लागला.

भरपाई मिळाली. पोळ्याच्या आधी दोन म्हशी दारात आल्या. आणि पोळ्याच्या पाडव्याला, म्हणजे दुसऱ्याच दिवशी, डोमाजी पत्ते खेळताना सापडला.

मनकर्णाबाईनं कचेरीतून परत मिळालेला तोच कागद पुढं केला, शाईची डबी उघडली आणि नवऱ्याचा उजवा हात धरला.

"हा जपून वापरजा," ती म्हणाली. "अन् गोठ्यात आता जागा नाई. अंगणात झोपा."