देवराईची हद्द

माझ्या भित्रेपणाची आमच्या घरात कायम चेष्टा व्हायची. नाशिकमधल्या आमच्या वसाहतीत कुत्रं भुंकलं तरी मी गल्ली बदलायचो. असा मी शिक्षणसेवक म्हणून सुरगाण्याकडच्या एका पाड्यावर जाऊन पडलो, तेव्हा आईने बुद्धाचा फोटो दिला आणि भावाने मोठी बॅटरी. पाड्यावर ज्यांच्या पडवीत राहायचो, त्या नवराबायकोला मी मामा-मामी म्हणायचो. मामा अबोल. मामींच्या तोंडाला मात्र खळ नसायचा. फक्त खाकी कपडा दिसला की त्या मुक्या व्हायच्या.

त्याला कारण होतं. त्यांचं भाताचं वावर मामांच्या वडिलांनी कसायला काढलेलं, पण सरकारी कागदावर ते जंगलच होतं. वनहक्काचा कायदा अजून यायचा होता. दर पावसाळ्यात गार्ड येऊन दम भरून जायचा आणि तो गेला की ही दोघं पुन्हा लावणीला वाकायची. त्या भातावरच त्यांचं वर्ष निघायचं.

वावराच्या कडेने ओहोळ होता आणि ओहोळापलीकडे देवराई. आत वाघदेव, म्हणजे वाघ, चंद्र आणि सूर्य कोरलेला सागाचा खांब. देवराईतली वाळकी काडीसुद्धा कुणी घरी आणत नसे, चपला बाहेर काढायच्या आणि बायकांनी आत जायचं नाही. हे शेवटचं मला मुळीच पटत नव्हतं आणि मी ते तावातावाने बोलायचो. मामी हसायच्या. म्हणायच्या, "मला काय काम त्याच्याकडं? त्यानं मला कंदी बोलावलं नाय, मी गेली नाय."

एका वर्षी दसरा झाल्यावर निरोप आला. सह्याद्रीतल्या काही जागांची नावं जागतिक वारसा म्हणून पाठवायचा विचार चालला होता. त्यासाठी देवराया बघत फिरणारं एक पथक आमच्याकडेही येणार होतं. इथली बोली समजणारा माणूस म्हणून मी सोबत राहायचं होतं. मी हुरळून गेलो. शाळेपुढे सगळ्यांना जमवलं आणि आपल्या रानाचं नाव जगात होणार म्हणून भाषण ठोकलं. लोक ऐकत राहिले. मामींनी तेवढं विचारलं, "मंग माझ्या वावराचं काय होईल, गुरजी?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वारसा म्हटला की हद्द आखणार आणि हद्दीबाहेर आणखी एक पट्टा राखीव ठेवणार. वावर तर देवराईला खेटूनच. अभयारण्यासाठी उठवलेल्या गावांच्या हकिगती मी वर्तमानपत्रात वाचल्या होत्या, त्या सगळ्या एकदम आठवल्या. त्या दिवसापासून मला भीतीने घेरलं. मामी बोलेनाशा झाल्या. लांबून गाडीचा आवाज आला की हातातलं काम तसंच ठेवून उभ्या राहायच्या.

शेवटी मी मामांना समोर बसवून पोरांसारखी उजळणी घेतली. "साहेब विचारतील, देवाची हद्द कुठपर्यंत? तुम्ही म्हणायचं, ओहोळापर्यंत. अलीकडे आमचं वावर. एवढंच." मामा मान हलवायचे. पण म्हणून दाखवा म्हटलं की चिलीम शोधायला उठायचे. मला वाटलं, साहेबाला बुजतायत.

पथक आलं. वनस्पतींचे जाणकार असलेले एक वयस्कर सर, वनखात्याचे साहेब आणि गळ्यात यंत्र अडकवलेला नकाशावाला. सगळ्यांनी मुकाट्याने बूट काढले. मामा पुढे, मी त्यांच्या मागे. आत गारवा होता, पाचोळ्यावर पाय पडला तरी छातीत धस्स व्हायचं. मी देव मानत नाही, हे मी स्वतःला सारखं बजावत होतो. वाघदेवापुढे पोचल्यावर सरांनी अगदी अदबीने विचारलं, "बाबा, या देवाची हद्द कुठपर्यंत आहे?"

मामांनी खांबाकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मग त्यांनी हात उचलला आणि ओहोळ, वावर, पाडा, माझी शाळा, सगळ्यांवरून फिरवला. "जठवर वाघ फिरं, तठवर त्याचीच आहा."

नकाशावाला यंत्रावर काहीतरी दाबू लागला. "ओहोळाच्या अलीकडेपण?" वनखात्याच्या साहेबांनी माझ्याकडे बघत विचारलं. माझी नोकरी कच्ची, समोर साहेब, तरी मी मामांच्या कानाशी लागून जवळजवळ ओरडलोच, "मामा, वावर! वावर तुमचं आहे म्हणा!"

मामा पुटपुटले, "त्याच्या तोंडावर? आन् माझं म्हणू?"

तेव्हा मला कळलं की ते साहेबाला भीत नव्हतेच. देवापुढे उभं राहून देवाची जमीन कमी सांगायची, हे त्या माणसाला मरेपर्यंत जमलं नसतं. आणि मी त्यांना नेमकं तेच पाठ करायला लावत होतो. "पुन्हा विचारून सांगतो," असं काहीतरी मी बरळलो. साहेब म्हणाले, "आता काय विचारायचं? त्यांनीच तर दाखवलं," आणि सगळे बाहेर निघाले. नकाशावाला ओहोळ ओलांडून सरळ भातात शिरला.

तिथे मामी उभ्या होत्या. भात कापणीला आला होता, त्यांच्या हातात विळा. खाकीतल्या साहेबांना बघून नेहमीसारख्या मुक्या होतील, असंच मला वाटलं. पण त्या बोलल्या. "पाय काढ. भात आहा त्यात."

साहेब म्हणाले, "बाई, तुमच्या मालकांनी आत्ताच सांगितलं, ही देवाची जागा आहे."

"त्यानं सांगलं असंल. तो देवासमोर उभा होता," मामी म्हणाल्या. "मी त्या देवासमोर कंदी गेली नाय. मला कुणी जाऊ दिलं नाय. माझं तोंड मोकळं आहा. हे वावर माझं."

मी ते जसंच्या तसं मोठ्याने शुद्ध मराठीत म्हटलं. दोनदा म्हटलं. मामा खाली बघत होते. सरांनी नकाशावाल्याला हाक मारली. "ओहोळावरून घे." साहेबांच्या कपाळावर आठ्या चढल्या.

पुढे त्या यादीत आमच्या भागाचं नाव आलंच नाही. वावर राहिलं. पण त्या सुगीचा भात मामांनी खाल्ला नाही. वाद नाही, बोलणं नाही. ताटातला भात बाजूला सारून ते नागलीची भाकरी मोडून घ्यायचे. मामींनी एकदोनदा वाढून पाहिलं, मग त्याही त्यांना नुसती भाकरीच देऊ लागल्या.

नव्या भाताच्या पहिल्या जेवणाला मामींनी स्वतःला आणि मला वाढून घेतलं. घास घेताना त्यांची नजर दाराबाहेर, ओहोळापलीकडच्या देवराईकडे होती. "गुरजी, त्यानं ऐकलं असंल का?" त्यांनी विचारलं. नाही म्हणायला मी तोंड उघडलं. शब्द फुटेना. मामी माझ्याकडे बघत राहिल्या, आणि मग त्यांनी तो घास खाल्ला.