नकाशातला लाल भाग

मंगळवारी माझी अक्का गेली. केळीवर ड्रोनने फवारणी करण्याचा धंदा आम्हा बहीणभावांचा. उडवण्याचा परवाना तिचा. पहिल्याच वर्षी जळगाव विमानतळाजवळच्या एका आबांनी अख्ख्या शिवाराचं काम देऊ केलं. ते मिळालं तरच धंदा टिकणार होता. तिने बांधावर मोबाइलमध्ये नकाशा उघडला. शिवार लाल भागात होतं. तिथे परवानगीशिवाय उड्डाण बंद.

"इमान केयी खावाले येस का, अक्का?" आबा धावपट्टीवरच्या विमानाकडे बोट दाखवून हसले.

"केयी नही खात, आबा. पन त्यामा मानसे बसेल शेतस."

ड्रोन गाडीतून न उतरवताच आम्ही परतलो. पुढे त्याच आबांनी चोपड्याच्या व्याह्यांना सांगितलं, "नही म्हननारी बाई शे, तिलेच बलावा." धंदा तिथून उभा राहिला.

परवाना मीही गेल्या वर्षी काढला. आता मीच उडवतो. बांधावर मी आधी नकाशा उघडतो.