पॅडला तेल नव्हतं

कळंबला पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेला हनुमंत मिस्त्रीचं गॅरेज होतं, तेव्हा या माणसाची सगळी ख्याती त्याच्या कानांवर होती. पाना हातात घ्यायच्या आधी तो मालकाला गाडी हळू चालवायला लावायचा आणि नवरदेवाच्या घोड्याशेजारी करवला चालतो तसा चाकाशेजारून चालत राहायचा. खरखर आली तर पॅड संपले, लोखंडाला लोखंड घासतंय. नुसतं चीं-चीं आलं आणि जोरात दाबल्यावर थांबलं, तर पॅड ठीक आहेत, वरून गुळगुळीत झालेत. चुकला असेल तर एखाद्या वेळेस, आणि तेही कबूल करायचा नाही.

नव्वद साली त्याची बायको द्रौपदा कावीळ होऊन गेली. लेक प्रज्ञा तेव्हा बारा वर्षांची. आईविना पोरीशी काय बोलावं हे हनुमंताला काही केल्या कळेना. म्हणून शाळा सुटल्यावर ती गॅरेजात येऊन बसली, की तो ब्रेकबद्दल बोलायचा. दुसरं त्याला येत काय होतं? पोरगी भाकरीचा तुकडा मोडत ऐकायची आणि मधूनच असा प्रश्न विचारायची की मिस्त्रीला डोकं खाजवावं लागे.

चांगदेवाच्या जीपची गोष्ट तर तिनं पन्नासदा ऐकली असेल. चांगदेवाचा जन्म बैलगाडीवर गेलेला. जे कुरकुरतं त्याला वंगण, एवढं एकच शास्त्र त्याला ठाऊक. जीपचा ब्रेक वाजायला लागल्यावर पठ्ठ्यानं चाकात पळीभर करंजाचं तेल सोडलं. आवाज बंद! चांगदेव खूश होऊन मंचरच्या बाजाराला निघाला आणि थेट कांद्याच्या गोण्यांवर जाऊन थांबला. "पॅड तेल प्यालं की काळं, ओलं दिसतं," हनुमंत शेवटी सांगायचा. "घासून उपेग न्हाई. नवीनच टाकायचं."

पुढं गुडघे गेले, गॅरेज बंद झालं. प्रज्ञा नर्स होऊन पुण्याच्या सरकारी दवाखान्यात लागली, तिनं जुनी मारुती घेतली. महिन्या-दोन महिन्यांतून यायची, दुपारी जेवायची, चारला निघायची. जाताना म्हणायची, "येते परत," आणि हनुमंत पुढचे आठ दिवस त्या दोन शब्दांवर काढायचा.

दोन हजार चारच्या मे महिन्यात ती शुक्रवारी आली ती बदलीचा कागद घेऊनच. सोलापूर. सोमवारी सकाळी हजर व्हायचं. तिथून कळंबला येणं म्हणजे आता वर्षातून एक-दोनदा. हनुमंत "बरं" म्हणाला आणि उगाच चुलीतलं लाकूड पुढं सारत बसला.

गाडीचा पुढचा डावा ब्रेक मात्र वाजत होता. शनिवारी सकाळी तो गुडघे धरत गल्लीतून चाकाशेजारी चालला. हलका दाब, चीं. जोरात दाब, गप्प. पॅड घासून परत बसवायचे, अर्ध्या तासाचं काम. चाक काढून त्यानं पॅड हातात घेतले. जाडी भरपूर, वर नुसती चमक चढलेली. पण बोलला भलतंच.

"तेल लागलंय. नवीन पॅड पायजेत. आज माझा गुडघा नारायणगावापतुर जायचा न्हाई, उद्या रविवार. सोमवारी आणतो."

"सोमवारी मला हजर व्हायचंय, आप्पा."

"मंगळवारी व्हशील. सरकार काय बुडत न्हाई."

प्रज्ञानं पॅड हातात घेऊन पाहिले. ते खाली ठेवून भाकरी टाकायला आत गेली. मग काय, हनुमंताला आभाळ ठेंगणं झालं. चाक परत बसवून गुडघे दुखत असतानाही तो तिच्यासाठी सुके बोंबील घेऊन आला. शेजारच्या कोंडाबाईला मुद्दाम हाक मारून सांगितलं, "प्रज्ञा हाये मंगळवारपतुर." दुपारभर बापलेक द्रौपदाच्या आठवणी काढत बसले. इतक्या वर्षांत तिच्याबद्दल ते कधी बोललेच नव्हते.

रविवारी उजाडताना खसखस आवाजानं त्याला जाग आली. दारात येऊन पाहतो, तर मागच्या चाकाला दगड, गाडी जॅकवर, आणि प्रज्ञा त्याच्या जुन्या पेटीतल्या पॉलिश पेपरवर पॅड गोल गोल घासतेय.

हनुमंत उंबऱ्यावर बसला. तो तिची एक चूक शोधत होता. एक चूक सापडली असती तर सगळं खोलून पहिल्यापासून करायला लावलं असतं. दुपार तरी झाली असती.

तिनं पॅडच्या धारदार कडा घासून मोडल्या. डिस्क पुसली. ग्रीस करंगळीवर घेऊन फक्त पॅडच्या पाठीला लावलं, तोंडाला नाही. नट समोरासमोरचे आवळले, गाडी खाली घेतल्यावर पुन्हा आवळले. आता पेडल दाबायला विसरेल, भलेभले मिस्त्री विसरतात. प्रज्ञा आत बसली आणि तिनं पेडल टणक लागेपर्यंत चार वेळा दाबलं.

"आप्पा, चालता का शेजारनं?"

तो चालला. एकदा हलका दाब, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. वाजतंय म्हणायला जीभ नुसती उचलायची होती. पण या बाबतीत तो उभ्या जन्मात खोटं बोलला नव्हता, कालचं सोडून.

"काय ऐकू येतंय?"

"न्हाई. कायच न्हाई."

तिनं इंजिन बंद केलं. स्टिअरिंगकडं बघत म्हणाली, "पॅडला तेल नव्हतं."

"न्हवतं."

"कालच बघितलं मी. पण कालचा दिवस मलापण पाहिजे होता, आप्पा."

नऊ वाजता ती निघाली. हनुमंत रस्त्यापर्यंत आला. हायवेला लागताना गाडी क्षणभर थांबली, काहीही न वाजता, आणि पुण्याच्या दिशेनं गेली. काम एक नंबर झालं होतं. इतकं चोख काम पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाला जमलं नसतं, हे त्याला माहीत होतं. तो तिथंच उभा राहिला. द्रौपदा गेल्यावर गॅरेजात बसून इतकं बोललो आपण, त्यातली एखादी तरी गोष्ट पोरीला सांगायची राहून जायला हवी होती, असं त्याला फार वाटलं.