पाटोळेकाकांची पंधरा मिनिटं

मांजर आडवं गेलं तर मी त्याला आधी जाऊ देते, एवढाच माझा अशा गोष्टींशी संबंध. अमावस्येला केस धुते, शनिवारी नखं कापते, सासूबाई कपाळाला हात लावतात. या ग्रुपवरचे असले अनुभव मी आजवर चहाबरोबर तोंडी लावण्यापुरते वाचायचे... आज स्वतःच लिहायला बसलेय. हसायचं असेल तर हसा.

आमचं ऑफिस इस्लामपुरात. गोडाऊन, शेड अशी बांधकामं घेतो. सागर, म्हणजे माझे मिस्टर, तिथंच साइट इंजिनिअर आहेत आणि मी ऑफिस सांभाळते. टाइमशीटचं सॉफ्टवेअर आलं तेव्हापासून त्याची ॲडमिनही मीच. नवीन काम मिळालं की त्याचा प्रोजेक्ट उघडायचा, त्याखाली टास्क टाकायची, कोण कोण काम करणार ती नावं जोडायची. मग ज्याने त्याने आपला वेळ भरायचा आणि मी तो मंजूर करायचा.

पाटोळेकाका आमचे फोरमन, फौजेतून रिटायर झालेले. नवीन कामाच्या पहिल्या दिवशी ते साइटवर जाऊन फावड्याने वीतभर माती बाजूला करायचे, नारळ फोडायचे, त्याचं पाणी तिथं ओतायचे आणि पंधरा मिनिटं उकिडवे बसून नुसते बघत राहायचे. "देवाचं देवाला व्हतं, अन् जमिनीची परीक्षा बी व्हती," म्हणायचे. "पोरी, पाणी कसं जिरतंय त्यावरनं माती कळती. तुज्या कॉम्प्युटरला ती कवा कळायची?"

पण ही पंधरा मिनिटं टाइमशीटमध्ये कुठं भरायची? काका अडून बसले. भलत्या नावाखाली भरणार नाहीत म्हणजे नाहीत. शेवटी मी प्रत्येक प्रोजेक्टमध्ये पहिलं टास्क 'नारळ' असंच टाकायला लागले. सॉफ्टवेअर शिकवायला पुण्याहून आलेली मुलगी बघतच राहिली. काका तिला रुबाबात म्हणाले, "मॅडम, त्येच्याबिगर पुढचं उघडत न्हाई." त्यांची नोंद दर वेळी तीच, एका बोटाने टाइप केलेली — 'नारळ फोडला. पाणी जिरलं.'

दिवाळीनंतर काका गेले. सकाळी अंघोळ करून देवापुढे बसले ते उठलेच नाहीत. त्यांचं खातं बंद करायचं काम माझ्याकडेच आलं. एक टिक काढायची फक्त, पण मला आठ दिवस जमलं नाही. मी कोरेगावहून लग्न होऊन आले तेव्हा ऑफिसात एकटीच डबा खायचे. आपल्या डब्यातला खर्डा पहिल्यांदा माझ्यापुढे सरकवणारे काकाच. सख्ख्या काकांनी केला नसेल इतका लाड त्या माणसाने केला माझा.

त्यांच्यानंतर साइटवर नारळ कोणी फोडेना. कंपनीचे मालक ऑफिसात पेढे वाटून मोकळे. 'नारळ' टास्क मात्र मी काढलं नाही... रिकामं राहायचं, राहू दे म्हटलं.

मे महिन्यात उंब्रजजवळ एका गोडाऊनचं काम मिळालं. सोमवारी सकाळी मी प्रोजेक्ट उघडला, टास्क टाकली, सागर आणि आणखी दोघांची नावं जोडली. तिकडे साइटवर जेसीबी उभा होता. खड्डा झाला की सागर स्वतः आत उतरून माप घेतात, दुसऱ्यावर विश्वास नाही त्यांचा. मी चहा घेऊन आले, स्क्रीनवर बघितलं तर 'नारळ'पुढे एक नोंद.

पाटोळेकाकांचं नाव. पंधरा मिनिटं. खाली — 'नारळ फोडला. पाणी जिरलं न्हाई.'

मला आधी राग आला. कोणीतरी चेष्टा केली असणार. पण खातं बंद होतं — मी पुन्हा पुन्हा तपासलं. आणि काकांची असली नोंद आधी कधीच नव्हती. मी एकेक जुना प्रोजेक्ट उघडून बघितला. सगळीकडे 'जिरलं'.

सागरना फोन लावला. सगळं ऐकून म्हणाले, "काय गं, आता टाइमशीट बघून खड्डा खणायचा का?"

"अहो, एक नारळ फोडा फक्त. काकांसारखा. खड्ड्याच्या खुणेवरच." आवाज रडवेला झाला असणार माझा, कारण "बरं, आणायला पाठवतो" म्हणून त्यांनी फोन ठेवला.

अर्ध्या तासाने त्यांचाच फोन. "वरची माती खडखडीत हाय गं... पण पाणी तसंच वर उभं हाय. जिरंना. जेसीबी थांबवलाय मी."

मग बाजूने माणसं लावून बेताने खणलं. खाली नुसता चिखल. जुन्या उपसा सिंचन योजनेची पाइपलाइन जमिनीखालून गेली होती आणि तिचा जॉइंट गळत होता. नकाशात तिचा पत्ता नाही. जमिनीचे मालक, एक म्हातारे आजोबा, डोक्याला हात लावून म्हणाले, "आमास्नी वाटलं ती लाइन कवाच बंद झाली." संध्याकाळी त्या खड्ड्याची एक बाजू आपोआप आत बसली. कुणी हात लावला नव्हता. सागर तिथं उतरले असते... पुढचं मला अजून नीट लिहवत नाही.

त्या दिवशी ते घरी आले तर मी दारातच त्यांच्या चिखलाच्या शर्टाला धरून रडले. सासूबाई मीठ-मोहऱ्या घेऊन आल्या. मी दृष्ट काढू दिली.

सॉफ्टवेअरवाल्यांना विचारलं. "बंद खात्यातून नोंद होऊच शकत नाही मॅडम," एवढंच उत्तर. स्क्रीनशॉट पाठवला, तर म्हणाले बघून सांगतो. अजून बघतायत.

आता प्रत्येक साइटवर सागर नारळ फोडतात आणि पंधरा मिनिटं उकिडवे बसतात. गुडघे दुखतात म्हणून कुरकुरतात, पण बसतात.

काकांची ती नोंद मात्र माझ्याकडे मंजुरीला पडून आहे. महिनाअखेरीला सिस्टिम लाल अक्षरात आठवण करते. नामंजूर करायची माझी छाती नाही. आणि खातं बंद असताना मंजूर केली तर काकांचं टाइमशीटचं पान कायमचं कुलूपबंद होतं, मग त्यात कोणालाच काही लिहिता येत नाही. म्हणून मी ती तशीच ठेवली आहे.