मिरचीच्या बुंध्याशी

"साहेब, रोगाचं नाव सांगा फक्त. पुढचं मी बघतो."

ट्रंक कॉलवर ठवरे ओरडून बोलत होते. ते उमरेड-भिवापूर भागातले कृषी विस्तार अधिकारी. शेती खात्याचा सल्ला गावोगावी पोचवणे हे त्यांचे काम. मी नागपूरच्या एका सरकारी प्रयोगशाळेत पिकांचे रोग ओळखण्याचे काम करीत होतो. काळ सत्तरच्या दशकातला.

ठवरेंच्या एका गावात नुकतीच लावलेली मिरची मरत होती. आज चांगले दिसणारे रोप उद्या मान टाकायचे आणि परवा वाळून जायचे. सगळ्या गावाने रोपे एकाच ठिकाणाहून घेतली होती, गिरजाबाई नावाच्या बाईच्या रोपवाटिकेतून. या बाईने भिवापुरी मिरचीचे बियाणे स्वतः राखले होते. आता गावाचे म्हणणे असे होते की तिने रोग विकला.

"लोक वखर घेऊन तिच्या वाफ्यावर गेलेत," ठवरे म्हणाले. "तुमचा अहवाल आला की रोपं नष्ट करण्याचा आदेश मीच काढतो. निदान कायद्यानं होईल. नाही तर ते आजच फिरवतात."

अहवाल तसा तयार होता. ठवरेंनी पाठवलेल्या रोपांच्या मुळांचे तुकडे आम्ही काचेच्या बशीत, बुरशी वाढेल अशा खाद्यावर ठेवले होते. आठवडाभरात प्रत्येक बशीत फिकट गुलाबी कापसासारखी वाढ दिसली. मायक्रोस्कोपखाली चंद्रकोरीच्या आकाराचे बीजाणू दिसले. ही फ्युजेरियम नावाची बुरशी. मिरचीचा 'मर' रोग ती करते. ती मातीत वर्षानुवर्षे टिकते आणि रोपाबरोबर एका शेतातून दुसऱ्या शेतात जाते. अहवालात 'मर' हा शब्द पडला की रोपवाटिका संपली. राखलेले बियाणेही कोणी हातात धरणार नव्हते.

विभागप्रमुख कानिटकर सहीसाठी पेन उघडून बसले होते.

"फ्युजेरियम सगळ्या प्लेट्समध्ये आहे ना? मग अडलंय कुठे?"

"सर, सॅम्पल मेलेल्या रोपांचं आहे. पूर्ण वाळलेली रोपं ओली करून पॉलिथिनच्या पिशवीत बांधून एस.टी.ने पाठवली होती. फ्युजेरियम मेलेल्या मुळांवर कुठूनही येतं. गिधाड बसलेलं दिसलं म्हणून बैल गिधाडानं मारला असं म्हणता येत नाही."

"खोड कापून पाहिलं?"

"पाहिलं. आत सगळं कुजलेलं. काही सांगता येत नाही."

यात ठवरेंची हयगय नव्हती. त्या काळी जवळजवळ प्रत्येक सॅम्पल असेच येई. पाठवणाऱ्याला वाटायचे की जास्तीत जास्त खराब रोप पाठवले की साहेबांना रोग जास्तीत जास्त स्पष्ट दिसेल. प्रत्यक्षात रोग सापडतो तो कुजलेला भाग आणि निरोगी भाग यांच्या सीमेवर. मेलेल्या रोपात ती सीमाच उरत नाही.

कानिटकरांनी पेन बंद केले. "जीप दौऱ्यावर आहे. एस.टी.ने जा. पोस्ट बंद होण्याआधी फोन करा. फोन आला नाही तर जे प्लेटमध्ये दिसतंय त्यावर मी सही करीन. मला वरून विचारणा झाली आहे."

उमरेडच्या स्टँडवर ठवरे मोटारसायकल घेऊन उभे होते. वाटेत ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होते, "पब्लिक फार गरम आहे साहेब."

गिरजाबाईची रोपवाटिका म्हणजे विहिरीलगतचे काही गादीवाफे. रोपे हिरवीगार आणि लावणीजोगी होती. वाफ्याच्या कडेला वखर जुंपलेली बैलजोडी उभी होती. वखर म्हणजे रुंद पात्याचे अवजार. ते एकदा फिरले की उभी रोपे मुळासकट कापली जातात. बैलांच्या समोर, वाफ्याच्या वरंब्यावर गिरजाबाई बसली होती. पन्नाशीची, सडपातळ. तिचे घराणे उमरेडच्या हातमागवाल्यांचे. माग बंद पडल्यावर ती नवऱ्याबरोबर या गावात आली, आणि नवरा गेल्यावर तिने हा धंदा उभा केला. ती मूळची शेतकरी नाही, हे गावाला विसरायचे नव्हते.

"उठ वं बाई," वखराची दोरी धरलेला माणूस म्हणाला. हा बापूराव झाडे. गावात सर्वात जास्त मिरची त्याची. "साहेब आले आता. मागावर धोटा फेकनं येगळं आन माती समजनं येगळं."

"मले माती समजत नाही त दरसाल रोपं काहून नेतं गा तू?" गिरजाबाई जागची हलली नाही. "नेतानी त लय गोड बोलत होता."

"नेले न! आन आता पाह्य काय होऊन राहिलं वावरात."

मी वाफ्यातली काही रोपे उपटली. मुळे पांढरी, खोडे उभी चिरल्यावर आतून स्वच्छ. ठवरेंनी माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली.

"रोपं निरोगी दिसतात," मी सांगितले.

"दिसतेत!" बापूराव म्हणाला. "आमाले देल्ली तवा बी अशीच दिसत होती. वावरात लावल्यावर मेली. पोटात रोग घेऊन आली असन त तुमाले आज कसा दिसन?"

त्याचे बरोबर होते. रोग आत असून बाहेर दिसायला वेळ लागतो. निरोगी वाफ्यावरून काहीच सिद्ध होत नव्हते. पुरावा असला तर तो बापूरावच्या शेतात होता.

"मला तुमचं वावर दाखवा. पण मेलेलं रोप नको. मरत असलेलं दाखवा."

"मेलेलं पाहाले लोक येतेत," गर्दीतून कोणी तरी म्हणाले, "साहेबाले मरतानी पाहाचं हाय."

कोणी हसले नाही. बैल तिथेच ठेवून सगळे शेताकडे निघाले. गिरजाबाईही उठून मागून आली.

शेतात एक रोप सापडले. त्याची वरची पाने लोंबत होती, खालची ताठ होती. मी ते भोवतालच्या मातीसकट अलगद काढले. पहिल्यांदा खोड आडवे कापून एका ग्लासभर पाण्यात धरले. जिवाणूंचा रोग असेल तर कापाच्या जागेतून दुधासारखी धार पाण्यात उतरते. धार उतरली नाही. नंतर खोड उभे चिरले. फ्युजेरियमची मर असेल तर आतल्या नळ्या तपकिरी होतात, लाकडात रेघ ओढल्यासारखी दिसते. इथे आतला भाग पांढरा होता. म्हणजे प्लेटमधली गुलाबी वाढ रोप मेल्यानंतर आलेल्या बुरशीची होती.

उरला बुंधा, म्हणजे खोड जिथे मातीतून बाहेर येते ती जागा. तिथे साल पूर्ण कुजली होती. कुजलेल्या जागेवर रेशमाच्या धाग्यासारखी पांढरी बुरशी पंख्यासारखी पसरली होती. आणि त्या धाग्यांत मोहरीएवढे गोल दाणे होते. काही पांढरे, काही तपकिरी.

"हे काय, मव्हरी?" बापूरावने एक दाणा नखावर घेतला.

"बुरशीचा गोळा आहे. तिचं बियाणंच समजा. या बुरशीला स्क्लेरोशियम म्हणतात, रोगाला खोडकूज. ही मर नाही."

ठवरेंनी सुस्कारा सोडला. बापूरावने सोडला नाही.

"नाव बदललं साहेब. रोप त तेच हाय न? हे दाणे बी तिच्याच मातीतून मुयाबरोबर आले असन."

हाही प्रश्न रास्त होता. रोगाचे नाव कळले होते, पण गिरजाबाई अजून सुटली नव्हती. तासाभरात पोस्ट बंद होणार होते.

मी शेताच्या कडेने चालत गेलो. रोगाचा पॅटर्न पाहणे हा आमच्या कामाचा एक भाग असतो. रोपाबरोबर आलेला रोग शेतात कुठेही, विखरून दिसतो. इथे तसे नव्हते. वरच्या तासांमध्ये, म्हणजे ओळींमध्ये, बरीच रोपे मेली होती. खालच्या बांधाकडच्या तासांमध्ये एकही रोप मेले नव्हते. फरक जणू दोरी धरून आखला होता.

"ही खालची रोपं कुणाची?"

"तिचीच. एकाच दिवशी लावली सारी."

"मग वर काय केलं जे खाली केलं नाही?"

बापूराव वर बघत राहिला, मग खाली. "काही नाही. वरतं फल्लीचे टरफलं टाकले. खालपर्यंत पुरले नाहीत."

फल्ली म्हणजे भुईमूग. त्या वर्षी पावसाने ताण दिला होता. ओल टिकावी म्हणून रोपांभोवती वाळलेल्या गवताचा थर द्यावा, अशी खात्याची मोहीम चालू होती. या गावात गवताऐवजी तेलाच्या गिरणीतली भुईमुगाची टरफले आणि पाला आला होता. लोकांनी तो रोपांच्या बुंध्याशी दाबून भरला होता आणि वरून विहिरीचे पाणी दिले होते.

मी एका रोपापासचा थर उचलला. खालून टरफलांची सगळी चादर पांढऱ्या धाग्यांनी एकमेकांना चिकटली होती. टरफलांच्या आतसुद्धा तेच मोहरीसारखे दाणे होते. ही बुरशी भुईमुगाची जुनी शत्रू. न कुजलेला पालापाचोळा हे तिचे खाणे, ऊब आणि ओल ही तिची सोय. तिला तिन्ही गोष्टी मिळाल्या होत्या आणि अगदी शेजारी मिरचीचा कोवळा बुंधा होता.

"ज्याला टरफलं मिळालीच नाहीत असा कोणी आहे का?"

गर्दीतल्या एका म्हाताऱ्याने हात वर केला. त्याचे शेत बांधापलीकडे होते. रोपे गिरजाबाईचीच. सगळी उभी होती.

ठवरेंनी मला बाजूला, बाभळीखाली नेले. त्यांचा आवाज खाली आला होता.

"साहेब, टरफलांचा ट्रक मी आणला होता. स्वतः गिरणीवाल्याशी बोलून. पंचायत समितीत माझा हार घालून सत्कार झाला त्यासाठी. तुम्ही खोडकूज लिहा. खरंच आहे ते. पण आली कुठून, हे लिहायची काय गरज?"

"ते लिहिलं नाही तर लोक बाईच्याच मातीला धरतील. बैल अजून जुंपलेलेच आहेत."

ठवरे गर्दीकडे पाहू लागले.

"लोकांना कोण सांगणार? तुम्ही की मी?"

त्यांनी टोपी काढली, घाम पुसला, पुन्हा घातली. मग गर्दीकडे गेले.

"टरफलांचा ट्रक मी आणला होता," ते मोठ्याने म्हणाले. "रोग त्याच्यातून आला. बुंध्याला लावू नका, हे सांगायचं माझ्याकडून राहून गेलं. बाईच्या रोपात दोष नाही."

क्षणभर काय होईल सांगता येत नव्हते. दोघे-चौघे पुढे सरकले. तेवढ्यात मागून गिरजाबाईचा आवाज आला.

"मंग काय गा बापूराव, वखर आता ठवरे सायबावरून फिरवतं का?"

आधी एक माणूस हसला, मग बरेच. बापूराव हसला नाही, पण त्याने एका गड्याला बैल सोडायला पाठवले. ठवरेही हसले नाहीत.

पोस्टात पोचलो तेव्हा पोस्टमास्तर खिडकी ओढत होते. नागपूरचा कॉल लागायला वेळ लागला.

"सर, मर नाही. स्क्लेरोशियम आहे. भुईमुगाच्या टरफलांच्या आच्छादनातून आलं. दाणे घेऊन येतोय, प्लेटवर लावून खात्री करू."

कानिटकर म्हणाले, "आच्छादनाची मोहीम आपल्याच खात्याची आहे."

"मोहिमेत वाळलेलं गवत आहे, बुंध्यापासून वीतभर लांब. इथे टरफलं होती आणि बुंध्याला चिकटून."

"म्हणजे मोहीम बरोबर, अंमलबजावणी चुकली."

"हो सर."

"तसं लिहा. ते खरंही आहे आणि मला वर पाठवताही येईल."

पुढचे काम सोपे होते. टरफले गोळा करून शेताबाहेर जाळली. मेलेली रोपे बुंध्याजवळच्या मातीसकट काढली. उरलेल्यांच्या बुंध्याशी हवा लागेल अशी माती सारली आणि औषध ओतले. रोपे मरायची थांबली. प्रयोगशाळेत दाण्यांतून तीच बुरशी वाढली. ठवरेंना एक लेखी समज मिळाली. त्यांची बदली झाली नाही.

गिरजाबाईचे काय झाले ते मला ठवरेंकडूनच कळले. मेलेल्या रोपांच्या जागी नवी रोपे लावून नांग्या भरणे गावाला भाग होते. तेवढ्या वयाची भिवापुरी रोपे पंचक्रोशीत फक्त तिच्या वाफ्यात होती. बापूरावने अंधार पडल्यावर गडी पाठवला. बाईने त्याला रिकाम्या हाताने परत पाठवले. भाव वाढवला नाही, माफी मागायला लावले नाही. निरोप एवढाच दिला, "मालकाले म्हना, दिवसा ये. स्वता ये. आन गाडी बजारातून ने."

दुसऱ्या दिवशी बापूराव स्वतः आला. रोपांच्या जुड्यांनी भरलेली त्याची बैलगाडी भर बाजाराच्या दिवशी गावातून गेली. त्यानंतर दोन दिवसांत वाफे रिकामे झाले.

गाडी फिरली तोवर माझा अहवाल टपालातच होता. अहवालाने फार तर आदेश थांबला असता. गावाचा विश्वास परत यायला जे हवे होते ते बाईने स्वतः करवून घेतले.

तेव्हापासून अहवालात मी दोन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी लिहीत आलो. रोग कोणता, आणि तो आला कुठून. सॅम्पल चांगले असेल तर पहिले उत्तर प्रयोगशाळेच्या टेबलावर मिळते. दुसरे टेबलावर मिळाले असे वाटले, तर समजावे की ते कोणाच्या तरी सोयीचे आहे.