पूजेचा शेंदूर आणि इंजिनाचा हिरवा

इंजिनाचा मूळ रंग म्हणून मी दसऱ्याच्या पूजेचा शेंदूर निवडला.

नवं राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. नांदुऱ्याकडच्या एका जिनिंगमध्ये रुईच्या गाठींचे डबे ओढणारं वाफेचं इंजिन भंगारात जायचं वाचलं आणि आमच्या शाळेच्या मैदानात येऊन उभं राहिलं. ते पहिल्यासारखं रंगवायचं ठरलं. पहिला रंग शोधणार कोण? गावात ड्रॉइंग मास्तर एकच होता, आणि दुर्दैवानं तो मी होतो.

मी तोंडाशी आणि ड्रायव्हरच्या दाराशी काजळीचा थर खरवडला. दोन्हीकडे तांबडा रंग निघाला. त्याच्याखाली हिरवा पापुद्रा होता, तो मी अस्तर ठरवून मोकळा झालो. हेडमास्तरांपुढे शास्त्रीय पद्धतीवर व्याख्यानही झोडलं. दर दसऱ्याला इंजिनाला तेल-शेंदूर फासतात, तोही नेमका तोंडाला आणि दाराला, हे मला ठाऊक नव्हतं म्हणावं, तर त्या पूजेचं खोबरं मी दोनदा मागून खाल्लेलं.

हे इंजिन जन्मभर चालवलेले ड्रायव्हरबाबा काठी टेकत आले. काचबिंदूनं नजर चालली होती. दिवाळीपर्यंत जे पाहायचं ते पाहून घ्या, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. त्यांना आपलं इंजिन एकदा जुन्या रंगात पाहायचं होतं.

"मास्तर, मले इचारा नं. हिरवं होतं थे."

"बाबा, तुमची नजर अधू. रंगाचं माझ्यावर सोडा."

त्यांनी सोडलं. मी कास्टिक सोड्यानं सगळं इंजिन लोखंडापर्यंत घासून घेतलं आणि लालभडक रंगवलं. बाबांनी नाक टेकवून पाहिलं. "इंजिन होतं, मारुती करून ठेवला," एवढंच बोलून ते घरी गेले.

मारुती म्हटल्यावर मला दसऱ्याचा शेंदूर आठवला. पण आता हिरवा शोधायचा तर नमुन्याला नखाएवढाही पापुद्रा उरला नव्हता. उरली होती फक्त बाबांची आठवण. मी पत्र्याच्या तुकड्यांवर हिरवे रंग कालवून रोज त्यांच्या अंगणात जायचो. "गडद पाह्यजे." "तुरीच्या शेंगेवानी, पन जून शेंगेवानी." काल नाकारलेला आज जवळचा वाटे, आज जवळचा वाटलेला उद्या काळा. रंग तेच होते. बदलत होते ते डोळे, आणि ते मला कळत असूनही मी आपला कालवतच होतो.

दिवाळीच्या आधल्या आठवड्यात एका तुकड्यावर ते थांबले. बोटं फिरवली. "हाव, हाच. हाच होता." त्यांचा चेहरा असा उजळला की मीही हरखून हातातल्या पत्र्याकडे पाहिलं.

मी पत्रा उलटा धरला होता. त्यांच्याकडे कोरी बाजू होती.

त्यांची बायको दारात गहू निवडत होती. तिनं सगळं पाहिलं होतं. सूप खाली ठेवून ती म्हणाली, "आता काय दाखवून राह्यले, मास्तर? दिसत होतं तवा तर तुमी इचारलं नाही."